सातबारा कोरा झालाच नव्हता: अमेरिकेतली विद्यार्थी-कर्जमाफी आणि मध्यावधीचं मतदान

अमेरिकेतल्या विद्यार्थी-कर्जमाफीचा विषय निघाला की मराठीत दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणजे ‘तिकडेही रेवड्याच वाटतात’. दुसरा, ‘बायडेन यांनी कर्ज माफ करून तरुणांची मतं घेतली आणि २०२२ ची निवडणूक वाचवली’. पहिल्यावर वाद घालता येईल. दुसरं मात्र साफ चूक आहे. ८ नोव्हेंबर २०२२ ला मतदान झालं तेव्हा त्या योजनेतून एकाही कर्जदाराचा एक डॉलरसुद्धा माफ झालेला नव्हता, आणि पुढेही कधी झाला नाही.

आधी एक शब्द साफ करून घेऊ. आपल्याकडे मध्यावधी म्हणजे सरकार पडल्यामुळे मुदतीआधी होणारी निवडणूक. अमेरिकेतली मध्यावधी ठरलेल्या वेळीच होते. अध्यक्षांच्या चार वर्षांच्या मुदतीच्या मध्यावर प्रतिनिधीगृहाच्या सगळ्या ४३५ जागा आणि सिनेटच्या साधारण एक तृतीयांश जागांसाठी मतदान होतं. अध्यक्ष स्वतः मतपत्रिकेवर नसतात, त्यामुळे लोक कमी बाहेर पडतात. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत सुमारे ६६ टक्के पात्र मतदारांनी मतदान केलं होतं, २०२२ मध्ये ते ४६ टक्क्यांवर आलं. २०१४ मध्ये तर ३७ टक्क्यांच्याही आसपास जेमतेम पोचलं होतं. एरवीही कमी मतदान करणारा तरुण वर्ग यात आणखी गळतो, म्हणून अशा निवडणुकीत ‘आपल्या माणसांचा उत्साह’ हाच पक्षांचा मोठा घोर असतो.

आता योजना. २४ ऑगस्ट २०२२ ला, म्हणजे मतदानाच्या ७६ दिवस आधी, ती जाहीर झाली. वैयक्तिक उत्पन्न वर्षाला १,२५,००० डॉलरच्या आत किंवा कुटुंबाचं २,५०,००० च्या आत असेल, तर केंद्राकडच्या कर्जातले १०,००० डॉलरपर्यंत माफ. ज्यांना शिकताना पेल ग्रँट, म्हणजे गरीब घरातल्या विद्यार्थ्यांना मिळणारं केंद्राचं अनुदान, मिळालं होतं त्यांना २०,००० पर्यंत. उत्पन्न २०२० किंवा २०२१ यांपैकी कोणत्याही एका वर्षाचं चालणार होतं. कर्ज ३० जून २०२२ पर्यंत उचललेलं हवं होतं. पात्र लोक सुमारे ४ कोटी ३० लाख, आणि त्यातल्या सुमारे २ कोटींचं कर्ज शून्यावर येणार होतं. लाखालाखाचं कर्ज डोक्यावर घेतलेले डॉक्टर-वकील बातम्यांत दिसतात, पण केंद्राच्या कर्जदारांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांची बाकी १०,००० डॉलरच्याही आत होती. एक-दोन वर्षं कॉलेज करून पदवीविना बाहेर पडलेले कितीतरी जण त्यात आहेत. कर्ज आहे पण पदवीचा पगार नाही, अशा या वर्गासाठी ही रक्कम मोठी होती.

अडचण कागदापासूनच सुरू झाली. सुमारे ८० लाख लोकांच्या उत्पन्नाची माहिती शिक्षण खात्याकडे आधीच होती. त्यांना अर्जाविना, आपोआप माफी मिळायची होती. सप्टेंबरच्या शेवटी इंडियानातल्या एका कर्जदारानं दावा लावला की माफ झालेल्या रकमेवर माझं राज्य कर लावेल, म्हणजे न मागता दिलेल्या माफीनं माझं नुकसान होणार. दावा टिकू नये म्हणून खात्यानं लगेच ‘नको असेल तर माफी नाकारता येईल’ अशी सोय केली. ज्या भागात कुणाला काही करावंच लागणार नव्हतं, तिथंही थांबणं आलं. त्याच सुमारास, २९ सप्टेंबरला, खात्यानं आणखी एक दार लावलं. जुन्या पद्धतीची, बँकांच्या ताब्यातली पण केंद्राची हमी असलेली जी कर्जं होती, ती थेट केंद्राच्या कर्जात बदलून घेतली तर माफी मिळेल, असं आधी सांगितलं होतं. त्या दिवसानंतर बदलून घेणारे अपात्र ठरले, कारण धंदा जाणाऱ्या बँका आणि त्यांची कर्जं सांभाळणाऱ्या संस्था कोर्टात जातील ही भीती होती. काही लाख लोक एका वाक्यात यादीबाहेर गेले. आणि नेमक्या त्याच दिवशी सहा राज्यांनी दावा दाखल केला: नेब्रास्का, मिसुरी, आर्कान्सा, आयोवा, कॅन्सस आणि साउथ कॅरोलायना.

अर्ज मात्र खरोखर चांगला होता. १४ ऑक्टोबरला चाचणी म्हणून आणि १७ ला रीतसर खुला झाला. नाव, सोशल सिक्युरिटी क्रमांक, जन्मतारीख, फोन, ईमेल. खाली उत्पन्नाच्या मर्यादेत बसतो अशी खूण करून सही. कागद जोडायचे नाहीत, लॉगिन नाही, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत, मोबाइलवर पाच मिनिटांत पूर्ण. पहिल्या शनिवार-रविवारातच ८० लाख अर्ज आले आणि आठवड्याभरात आकडा २ कोटी २० लाखांच्या घरात गेला. २०१७ च्या आपल्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेचा ऑनलाइन अर्ज आणि त्यासाठी सेवा केंद्रांपुढे लागलेल्या रांगा ज्यांना आठवतात, त्यांना या अर्जाची किंमत कळेल.

पण घोषणा ते अर्ज यात ५४ दिवस गेले. २३ ऑक्टोबरच्या आधी कुणाचंही कर्ज माफ करणार नाही, असं सरकारनं कोर्टाला सांगितलं होतं. २० ऑक्टोबरला मिसुरीतल्या न्यायाधीशांनी सहा राज्यांचा दावा फेटाळला. २१ ला बायडेन डेलावेर स्टेट युनिव्हर्सिटीत जाऊन अर्जांचा आकडा सांगून आले, आणि त्याच संध्याकाळी आठव्या सर्किटच्या, म्हणजे त्या भागातल्या केंद्रीय, अपील कोर्टानं तात्पुरती स्थगिती दिली. माफी सुरू व्हायला उरले होते फक्त दोन दिवस! तिथून मतदानापर्यंत माफीचं काम थिजलेलं राहिलं. मतदान झाल्यावर दोनच दिवसांनी टेक्ससमधल्या न्यायाधीशांनी योजनाच बेकायदा ठरवली. तोवर २ कोटी ६० लाख लोकांची माहिती जमली होती आणि १ कोटी ६० लाख अर्ज मंजूर होते. ‘तुमचा अर्ज मंजूर आहे, पण खटल्यांमुळे माफी देता येत नाही’ अशा अर्थाचे ईमेल लोकांना १९ नोव्हेंबरपासून गेले. निवडणूक होऊन अकरा दिवस झाले होते.

या योजनेनं मतं का आणली नाहीत, याचं पुरेसं बोललं न गेलेलं कारण वेगळंच आहे. समजा २३ ऑक्टोबरला दोन कोटी लोकांची खाती खरंच शून्य झाली असती, तरी नोव्हेंबरमध्ये त्यांच्या खिशात काय बदललं असतं? काहीच नाही. मार्च २०२० पासून केंद्राच्या विद्यार्थी-कर्जाचे हप्ते थांबलेले होते आणि व्याजदर शून्य होता. महिन्याला दोन-तीनशे डॉलर जायचे ते अडीच वर्षं जात नव्हते, आणि तो पैसा घरभाड्यात, पेट्रोलात, किराणात मुरून गेला होता. जून २०२२ मध्ये महागाई ९.१ टक्क्यांवर होती. म्हणजे माफ व्हायचा होता तो हप्ता कुणी भरतच नव्हतं. माणसाला सुटका जाणवते ती दर महिन्याला टोचणारी गोष्ट टोचायची थांबली की. इथं टोचणं आधीच थांबलेलं होतं. हप्ते पुन्हा सुरू झाले ते ऑक्टोबर २०२३ मध्ये, आणि तोपर्यंत ३० जून २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं ६ विरुद्ध ३ मतांनी योजना रद्द केली होती.

रद्द का झाली, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. सरकारनं आधार घेतला २००३ च्या ‘हिरोज’ कायद्याचा. तो इराक युद्धाच्या काळात, मुख्यतः लष्करात गेलेल्या कर्जदारांसाठी झाला. राष्ट्रीय आणीबाणीत शिक्षणमंत्री कर्जाच्या अटी शिथिल करू शकतात किंवा बदलू शकतात, असं त्यात आहे. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्या निकालाचा गाभा असा की ‘बदलणं’ म्हणजे थोडाफार बदल, नवा कार्यक्रमच उभा करणं नव्हे. संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयानं खर्च सुमारे ४०० अब्ज डॉलर सांगितला होता. एवढं मोठं काम संसदेनं स्पष्ट शब्दांत सांगितल्याशिवाय करता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. दावा टिकला तो मिसुरीच्या मोहेला या सरकारी कर्ज-सेवा संस्थेमुळे. माफी झाली असती तर तिचं वर्षाला सुमारे ४.४ कोटी डॉलरचं सेवाशुल्क बुडालं असतं. दुसरा रस्ता होता, १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याचा. त्यात आधी नियम करा, हरकती मागवा, सुनावण्या घ्या, असं सगळं करावं लागतं आणि वर्ष-दीड वर्ष जातं. ही प्रक्रिया २०२१ च्या उन्हाळ्यातच सुरू केली असती तर तीही कदाचित कोर्टात अडली असती, पण निदान मतदानाच्या तोंडावर नाही. निवडणुकीच्या आधी घाईनं मिळणारी वाट निवडली, आणि तीच वाट सगळ्यात कच्ची होती. माझा खरा आक्षेप यावर आहे, माफीवर नाही.

आता मतांकडे. २०२२ ची मध्यावधी बायडेन यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाला अपेक्षेपेक्षा बरी गेली यात शंका नाही. २०१० मध्ये त्यांनी प्रतिनिधीगृहातल्या ६३ जागा गमावल्या होत्या, या वेळी फक्त ९, आणि सिनेट ५१-४९ असं राखलं. १८ ते २९ वयाच्या मतदारांनी ६३ विरुद्ध ३५ असा त्यांना कौल दिला. पण कौल वेगळा आणि उत्साह वेगळा. या वयोगटाचं मतदान किती झालं, याचा टफ्ट्स विद्यापीठातल्या सर्कल या केंद्राचा पहिला अंदाज २७ टक्के होता. पुढे मतदारयाद्या तपासल्यावर तो २३ वर आला. २०१८ मध्ये, कर्जमाफीचं नावही नव्हतं तेव्हा, तो २८ होता. म्हणजे घोषणेनंतर तरुणांचं मतदान घटलं. निवडणुकीच्या रात्रीचे आकडे धरून जे लेख लिहिले गेले, त्यांचं गणित इथंच चुकतं.

तरुण खरोखर बाहेर पडले कुठे? मिशिगनमध्ये. तिथं त्यांचं मतदान ३६ टक्क्यांच्या आसपास, देशात आघाडीवर होतं. त्या राज्याच्या मतपत्रिकेवर गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घालण्याचा तिसरा प्रस्ताव होता. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताचा हक्क देणारा रो विरुद्ध वेड हा जुना निकाल उलटवला होता, त्याचा राग ताजा होता, आणि मतदानाच्या दिवशीही नावनोंदणी करता येत होती. ॲन आर्बरच्या विद्यापीठात विद्यार्थी थंडीत तासन्‌तास रांगेत उभे राहिले, काहींचं मतदान मध्यरात्र उलटल्यावर झालं. ती रांग कर्जमाफीची नव्हती. हक्क हातातून गेला होता आणि तो परत घ्यायची चिठ्ठी समोर होती, म्हणून ती लागली.

दुसऱ्या बाजूचं नुकसानही मोजायला हवं. ओहायोत सिनेटसाठी उभे असलेले डेमोक्रॅट टिम रायन यांनी माफीला उघड विरोध केला, नेवाडाच्या कॅथरीन कॉर्टेझ मास्टो यांनीही नाराजी दाखवली. अमेरिकेतल्या पंचवीस वर्षांवरच्या लोकांपैकी पदवीधर ४० टक्क्यांहून कमी आहेत. कारखान्यात काम करणाऱ्या, कॉलेज न पाहिलेल्या मतदाराला ‘माझ्या करातून का?’ असं वाटणारच. रायन हरले, मास्टो आठ हजारांहून कमी मतांनी जिंकल्या. यातून कुठल्याच बाजूचा सिद्धांत निघत नाही.

आपल्या अनुभवाशी ताडून पाहा. २००८ ची केंद्राची शेतकरी कर्जमाफी फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात जाहीर झाली आणि छोट्या शेतकऱ्यांची माफी ३० जूनपर्यंत बँकांनी लावायची होती. लोकसभेचं मतदान एप्रिल-मे २००९ मध्ये. दोन हेक्टरच्या अटीनं विदर्भातला कोरडवाहू शेतकरी मोठ्या प्रमाणात बाहेर राहिला, तो दोष होताच. पण ज्याला मिळाली त्याच्या हातात सोसायटीचा दाखला मतदानाच्या कितीतरी आधी आला होता. ‘सातबारा कोरा’ या शब्दांत जोर आहे तो कोऱ्या कागदाचा. अमेरिकेतल्या तरुणाला मिळाला तो ‘मंजूर, पण’ असा ईमेल.

मग प्रत्यक्ष मिळाल्यावर तरी मतं वाढतात का? बायडेन यांच्या कारकिर्दीअखेर वेगळ्या, जुन्या कायद्यांखाली ५० लाखांहून जास्त लोकांचे १८८.८ अब्ज डॉलर खरोखर माफ झाले. दहा वर्षं सरकारी किंवा सेवाभावी नोकरीत १२० हप्ते भरलेले शिक्षक-परिचारिका, फसव्या कॉलेजांचे विद्यार्थी, कायमचं अपंगत्व आलेले. हे काम मोठं होतं. पण ते तुकड्यातुकड्यांनी झालं, आणि त्याच वेळी ‘सेव्ह’ ही उत्पन्नानुसार हप्त्याची योजना कोर्टात अडकून सुमारे ८० लाख लोक लटकले. २०२४ मध्ये तरुण मतं डेमोक्रॅटांकडून सरकली. माफी मिळालेले पन्नास लाख शांत होते, अडकलेले ऐंशी लाख चिडलेले होते.

३ नोव्हेंबर २०२६ च्या मध्यावधीकडे मी याच नजरेनं पाहतो. थकीत कर्जांची वसुली ५ मे २०२५ पासून पुन्हा सुरू झाली होती. ‘सेव्ह’मधल्यांचं व्याज १ ऑगस्ट २०२५ पासून धावू लागलं. १ जुलै २०२६ पासून नवी ‘रॅप’ ही हप्त्यांची योजना, जिच्यात उरलेलं कर्ज माफ व्हायला ३० वर्षं लागतात. पदव्युत्तर शिक्षणाच्या नव्या कर्जावर एकूण १ लाख डॉलरची मर्यादा, वैद्यकीसारख्या व्यावसायिक शिक्षणाला २ लाखांची. वाढलेला हप्ता दर महिन्याला खात्यातून जातो, त्याची आठवण करून द्यायला सभा लागत नाही. यंदा कर्जाचा मुद्दा मतपेटीत दिसलाच, तर माझ्या मते तो या हप्त्यामुळे दिसेल, नव्या वचनामुळे नाही.

न्यू जर्सी, टेक्सस, कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांसाठी दोन कामाच्या गोष्टी. एफ-१ किंवा एच-१बी व्हिसावर असणाऱ्यांना केंद्राचं हे कर्ज मिळतच नाही. भारतातल्या बँकेचं शैक्षणिक कर्ज या कशातच बसत नाही. नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांना मिळतं. मात्र ग्रीन कार्डावर मत देता येत नाही. ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवर मतदार नोंदणीचाही कागद पुढे येतो, तिथं ‘नागरिक आहे’ यावर चुकून खूण झाली तर नागरिकत्वाचा अर्ज अडतो, प्रकरण देशाबाहेर काढण्यापर्यंत जाऊ शकतं. मुलाला पुढे सरकवण्याआधी तो कागद वाचा. आणि जी मुलं नागरिक आहेत, कॉलेजसाठी दुसऱ्या राज्यात गेली आहेत, त्यांनी नाव घरच्या राज्यात ठेवायचं की कॉलेजच्या, हे सप्टेंबरमध्येच ठरवावं. एकाच ठिकाणी नोंदवता येतं, आणि टेक्ससमध्ये मुदत मतदानाच्या तीस दिवस आधी संपते. टेक्ससच्या मतदान केंद्रावर कॉलेजचं ओळखपत्र चालत नाही, पासपोर्ट किंवा राज्याचं ओळखपत्र लागतं. पत्ता बदलला असेल तर तो कर्ज सांभाळणाऱ्या कंपनीकडेही बदलून घ्यायला सांगा. हप्त्याची नोटीस जुन्या खोलीवर जाते, आणि कर्ज थकल्याचं कळतं ते फार उशिरा.