तीन कुलुपं आणि एक बेवारस

परवा रात्री आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी माझ्या यामाहा आरएक्स हंड्रेड मोटरसायकलचं कव्हर उचललं, टाकीवर ‘बेवारस वाहन, ७ दिवसांत हटवा’ असा पिवळा स्टिकर डकवला आणि कव्हर होतं तसं परत घातलं. टॉर्च वॉचमनने धरली होती. ज्याला गाड्या राखायचा पगार मिळतो, त्याने उजेड मात्र चोख पाडला.

ज्यांना ही गाडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी: १९८५ ते १९९६, ९८ सीसी, टू-स्ट्रोक, ११ घोडे. बंद होऊन एवढी वर्षं झाली, तरी धड स्थितीतल्या गाडीला लोक नव्या गाडीचा भाव सांगतात. आणि वजन जेमतेम शंभर किलो. दोन धडधाकट माणसं ती बोकडासारखी उचलून टेम्पोत टाकतात. हँडल लॉकच्या भरवशावर झोपणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की उचललेल्या गाडीचं हँडल कुणाला वळवावं लागत नाही.

“अहो, बेवारस काय? तीन कुलुपं आहेत गाडीला!”

“तेच तर,” सेक्रेटरी म्हणाले. “रोज चालवणारा माणूस तीन कुलुपं लावेल का? आम्ही म्हटलं, कुणीतरी लावली असतील, किल्ल्या हरवल्या असतील, दिली असेल सोडून.”

एवढ्यावर थांबले असते तर मी गप्प घरी गेलो असतो. पण ते बनियनवरच पार्किंगमध्ये उतरले, कमरेवर हात ठेवले आणि पाहणी सुरू केली.

“ही साखळी अशी अधांतरी का? पोरं अडखळतील. खाली सोडा ना जमिनीवर.”

जमिनीवर सोडली की कटरचा एक दांडा फरशीला टेकवून दुसऱ्यावर सगळं अंग टाकता येतं. म्हणून साखळी वर आणि ताठ. कड्या १० ते १२ मिलिमीटरच्या, कडक केलेल्या पोलादाच्या. कुलपाचा आकडाही तेवढाच जाड हवा, नाहीतर चोर साखळीला हातच लावत नाही, कुलूप कापतो. प्लॅस्टिक चढवलेली ती रंगीत वायर सायकललासुद्धा फक्त शोभेची. आणि साखळी ओवायची मागच्या चाकातून, स्विंगआर्मला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला, घेऊन खांबाच्या कडीपर्यंत. पुढच्या चाकाला बांधली तर एक ॲक्सल काढला की चाक तुमचं, गाडी त्याची.

“त्यापेक्षा डिस्क लॉक. आमच्या जावयाच्या बुलेटला आहे.”

“हिला डिस्कच नाही. दोन्हीकडे ड्रम.”

“मग बसवून घ्या.”

जी गाडी मुळातली आहे तशी राहावी म्हणून माणूस जुन्या बाजारात ओरिजिनल आरसे शोधत फिरतो, तिला डिस्क. मी आवंढा गिळला.

“बरं, हवा सोडून ठेवा.”

टेम्पोत टाकायला गाडीच्या चाकात हवा लागत नाही. उलट बसलेल्या टायरला बाजूने चिरा पडतात, आणि तशीच ढकलली तर ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. खर्च मालकाला.

“मग बॅटरी काढून वर न्या! संपला विषय.”

विषय इथेच सुरू होतो. या गाडीची ठिणगी मॅग्नेटोवरून येते, म्हणजे इंजिन फिरलं की वीज तयार करणाऱ्या यंत्रावरून. बॅटरी काढली तरी किक मारली की ती चालू. किल्लीसुद्धा तिला चालू करत नाही, बंद ठेवते. ऑफला असताना सीडीआयची (ठिणगी सोडणाऱ्या डबीची) काळी-पांढरी वायर अर्थ करते, म्हणजे चासीला, गाडीच्या सांगाड्याला, जोडून ठिणगी मारते, एवढंच तिचं काम. म्हणून चोरस्विचही, म्हणजे ठिणगी बंद ठेवणारा लपवलेला स्विच, त्याच वायरवर: एक टोक काळ्या-पांढरीला, दुसरं चासीला, मध्ये शंभर रुपयांच्या आतला स्विच. जोड पिळून टेप गुंडाळायची नाही. झाळायचा आणि वायरिंगच्या जुन्या कव्हरखाली दडवायचा, वायर त्याच रंगाची घ्यायची. नवी कोरी लाल वायर दिसली की चोराला ती सापडलीच, आणि एकदा कापली की स्विच निव्वळ दागिना. शिवाय स्विचवर रबरी टोपी हवीच. पावसात आत पाणी शिरलं की तो आपोआप अर्थ होतो, आणि भर चौकात मालकच चोरासारखा गाडी ढकलत नेतो.

“कुठे लावलाय?”

“ते नाही सांगणार.”

“म्हणजे सोसायटीवर विश्वास नाही.”

हे वाक्य त्यांनी वॉचमनकडे बघून म्हटलं. वॉचमनने मान हलवली.

एवढं मात्र सांगतो, सीटखाली नाही. तिथे पहिला हात जातो. पेट्रोलचा कॉकही ऑफ करून ठेवायचा. घाईत तिकडे कुणी बघत नाही आणि कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल कोपऱ्यापर्यंत पुरतं. साखळी आणि स्विचनंतरचं तिसरं कुलूप म्हणजे अलार्म, गाडी हलली की कोकलणारा. स्टिकर लावताना तो का कोकलला नाही? बॅटरी उतरली होती. बॅटरीवाचून गाडी मजेत चालू होते, म्हणून ती उतरल्याचं कळतच नाही. गाडीच्याच बॅटरीवर चालणाऱ्या जीपीएसचीही हीच गत. आठवड्यातून एकदा हॉर्न वाजवून बघणे, दुसरा उपाय नाही. (रविवारी सकाळी सातला बघू नये. त्यावरही सेक्रेटरींचं पत्र येतं.)

“आपले कॅमेरे आहेत की,” ते म्हणाले.

आहेत. चारही गेटवर. पार्किंगकडे एकही नाही. रात्री इन्फ्रारेड लागलं की चकाकणारी नंबरप्लेट पांढरीफटक दिसते, आकडा शून्य. हार्ड डिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं, आणि फुटेज मागायला अर्ज लागतो, जो कमिटीच्या बैठकीत ठेवतात. बैठक महिन्यातून एकदा. देखभालीच्या पावतीत ‘सुरक्षा’ हा रकाना मात्र दर महिन्याला न चुकता येतो.

“गेलीच तर विमा आहे ना?”

नुसत्या थर्ड पार्टीत चोरी धरत नाहीत. पूर्ण विमा घेतला तरी पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत कंपनीने आणि आपण बोलून ठरवायची. ती बोलून ठरते आणि बाजारभावाशेजारी ठेवली की हसू येतं. वर एफआयआर, दोन्ही मूळ किल्ल्या आणि पोलिसांचा ‘अ’ समरी अहवाल, म्हणजे चोरी खरी पण चोर सापडला नाही. तिसऱ्या हाताने घेतलेल्या आरएक्सला दुसरी किल्ली कुठून आणायची? म्हणून आरसी, किल्ल्या आणि चासी नंबरचा जवळून काढलेला फोटो आधीच जपून ठेवावा.

सेक्रेटरींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “एवढं करण्यापेक्षा विकून टाका.”

स्टिकर काढायला पेट्रोल किंवा थिनर लावू नका, जुना रंगच निघून येतो. खोबरेल तेल चोळून पंधरा मिनिटं थांबायचं आणि नखाने कडेकडेने सोडवायचं. माझं तेल ‘बे’पर्यंतच पुरलं. सध्या टाकीवर ‘वारस वाहन’ आहे.