शंभरच्या वर गेली म्हणून प्रोसेस मारायची?

सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या ग्रुपांमध्ये सध्या एक फॉरवर्ड फिरतोय: ‘लिनक्स सर्व्हर हळू झालाय? हे करा’. त्याचं सार असं, की टॉपमध्ये (चालू प्रोसेस आणि त्यांचा सीपीयूचा वापर दाखवणारी कमांड) १०० टक्क्यांच्या वर गेलेली प्रोसेस एकतर अडकलेली असते नाहीतर मायनर (चोरून क्रिप्टो चलन काढणारा प्रोग्रॅम) असतो, म्हणून दिसली की किल मायनस नाइन, म्हणजे सिग्नल ९ देऊन जागीच मारा. रोज कोण बघत बसणार, म्हणून सोबत तयार स्क्रिप्टही दिलीय. ती दर ५ मिनिटांनी क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर म्हणून धावते, पीएसचा (प्रोसेसची यादी देणारी कमांड) सीपीयूचा रकाना वाचते आणि ९९ च्या वर जो सापडेल त्याला उडवते. शेवटी तोंडी लावायला आणखी चार गोष्टी: लोड ॲव्हरेज म्हणजे सीपीयूचे टक्के, केस्वॅपडी दिसला की मायनर, दर तासाला कॅशे (डिस्कवरून वाचलेल्याची मेमरीतली प्रत) रिकामा करा, आणि नाइस (प्रोसेसचा अग्रक्रम) उणे २० केला की वेग येतो. भाच्याने तो पाठवला आणि खाली विचारलं, ‘मामा, प्रॉडक्शनवर टाकू का?’

नको टाकूस.

आधी तो १०० चा बागुलबुवा. टॉपमध्ये १०० टक्के म्हणजे सीपीयूचा एक कोअर, अख्खं मशीन नव्हे. ८ कोअरच्या मशीनवर कमाल आकडा ८००. डेटाबेसचे किंवा जावाचे ४ थ्रेड (एकाच प्रोसेसमध्ये समांतर चालणारी कामं) पूर्ण जोरात असतील तर ४०० दिसणारच, आणि तरी अर्धं मशीन मोकळं असतं. विंडोजचा टास्क मॅनेजर एकूण कोअरने भागून दाखवतो, त्या सवयीने माणसं इथे दचकतात. टॉप चालू असताना शिफ्ट धरून आय दाबा; त्याच ४०० चे ५० होतील. टॉपच्या मॅन्युअलमध्ये या दोन तऱ्हांना आयरिक्स मोड आणि सोलारिस मोड अशी नावं आहेत. प्रोसेस तीच, काम तेच, बदलला तो फक्त भागाकार. फॉरवर्डवाल्यांच्या हिशेबाने मात्र एक बटण दाबलं आणि मायनर पळाला.

आता ती स्क्रिप्ट. खरा घात इथे आहे, आणि तो नुसत्या किल मायनस नाइनमध्ये नाही. पीएसचा सीपीयूचा आकडा ‘आत्ताचा’ नसतोच. प्रोसेस जन्मल्यापासून तिने वापरलेला सीपीयूचा वेळ भागिले जन्मापासून लोटलेला वेळ, म्हणजे आयुष्यभराची सरासरी. हे माझं मत नाही. पीएसचं मॅन्युअल उघडा; हा आकडा संपूर्ण आयुष्यावरचा आहे आणि हे काही आदर्श नाही, असं लिहिणाऱ्यांनीच तिथे कबूल केलंय. सगळ्यांची बेरीज १०० यायला नशीब लागतं, असंही वर लिहिलंय. एवढं एक पान वाचलं असतं तर हा फॉरवर्ड निघालाच नसता.

हिशेब करून बघा. एक सर्व्हिस १० दिवस शांतपणे चालतेय, म्हणजे १४,४०० मिनिटं. गेली १० मिनिटं ती लूपमध्ये अडकून एक कोअर पूर्ण खातेय. पीएसच्या लेखी तिचा वापर १० भागिले १४,४००, एक दशांश टक्कासुद्धा नाही. स्क्रिप्ट तिच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. उलट ४ सेकंदांपूर्वी सुरू झालेला जीझिप (फाइल आवळणारा प्रोग्रॅम) घ्या. त्याचं सगळं आयुष्यच ४ सेकंदांचं आणि ते सगळं कामात गेलेलं, म्हणून आकडा ९९–१००. स्क्रिप्ट त्यालाच मारते. म्हणजे चोर मोकळा आणि नुकताच कामाला लागलेला गडी फासावर. रात्री २ च्या बॅकअपमध्ये डेटाबेसचा डंप पाइपमधून जीझिपकडे जात असेल, तर जीझिप मेला की डंपही तुटतो आणि डिस्कवर अर्धवट फाइल उरते. नाव बरोबर, तारीख बरोबर, आत बॅकअप नाही. हे कळतं ते रिस्टोअर करायला बसल्यावर.

पोस्टग्रेस डेटाबेसच्या बाबतीत तर आणखीच वाईट. एखादी जड क्वेरी चालवणाऱ्या एका बॅकएंडला (एक कनेक्शन सांभाळणारी प्रोसेस) सिग्नल ९ दिला, की मुख्य प्रोसेस शेअर्ड मेमरी बिघडली असं धरून बाकीची सगळी कनेक्शनं तोडते आणि क्रॅश रिकव्हरीला बसते. मारायची होती एक क्वेरी, बसली अख्खी साइट. सिग्नल ९ पकडताच येत नाही, त्यामुळे प्रोसेसला आवरासावर करायला संधीच मिळत नाही. टॉपमध्ये के दाबून मारायला गेलात तरी तो आपणहून १५ च सुचवतो, ९ नाही. १५ ला दाद न देणाऱ्या प्रोसेसला कधी कधी ९ द्यावा लागतो, हे मान्य. पण तो माणसाने लॉग बघून द्यायचा.

केस्वॅपडीच्या बाबतीत फॉरवर्डमध्ये अर्धं सत्य आहे, नाइलाजाने सांगतो. केस्वॅपडी० हा कर्नलचाच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचाच थ्रेड. मेमरी कमी पडली की पानं मोकळी करायला धावतो, किलने मरत नाही, आणि तो तापलाय म्हणजे रॅमकडे बघा. पण हेच नाव लावून फिरणारे मायनर खरोखर सापडलेत. फरक ओळखणं सोपं आहे: खऱ्या कर्नल थ्रेडचं नाव पीएसमध्ये चौकटी कंसात येतं, पालक प्रोसेसचा क्रमांक २ असतो आणि व्यापलेली मेमरी शून्य. तुमच्या केस्वॅपडीने काही एमबी मेमरी धरलेली दिसली, किंवा तो एखाद्या साध्या युजरच्या नावावर चालत असला, तर तो तोतया.

लोड ॲव्हरेज म्हणजे सीपीयूचे टक्के नव्हेत, तर कामात किंवा रांगेत असलेल्या प्रोसेसची सरासरी संख्या. लिनक्स १९९३ पासून त्यात डी अवस्थेतल्या, म्हणजे बहुतेकदा डिस्कची वा नेटवर्कवरच्या फाइलींची वाट बघणाऱ्या प्रोसेसही धरतं. लोड १२ आणि सीपीयू ९० टक्के आयडल, म्हणजे रिकामा, हे एकाच वेळी शक्य आहे. दर तासाला कॅशे रिकामा केल्याने सीपीयू वाचत नाही. तेच सगळं पुन्हा डिस्कवरून वाचावं लागतं. आणि नाइस उणे २० ने कुणाला वेग येत नाही. सीपीयूसाठी झटापट असेल तेव्हाच नाइसला अर्थ.

मग बघायचं कसं? एनप्रॉक कमांडने कोअर मोजा. टॉपमध्ये १ दाबून कोअर वेगवेगळे पाहा, सी दाबून पूर्ण कमांड, शिफ्ट एच दाबून थ्रेड. जावा असेल तर तापलेल्या थ्रेडचा क्रमांक जेस्टॅकच्या (जावाचा कुठला थ्रेड काय करतोय ते दाखवणारं टूल) आउटपुटमध्ये शोधा; जुन्या जावात त्याआधी तो सोळाच्या पायात बदलावा लागतो (१२३४५ चा होतो ३०३९). कोडची ओळच हाती लागते. भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनवर टॉपमधला एसटी (स्टील) हा आकडाही बघा. तो चढला असेल तर तुमचा सीपीयू शेजारी खातोय, तुमची प्रोसेस नव्हे.

कुठल्याच टूलवर भरवसा नसेल तर प्रॉक फोल्डरमधली त्या प्रोसेसची स्टॅट फाइल वाचा. १४ वा आणि १५ वा आकडा, म्हणजे वापरलेला सीपीयूचा वेळ टिक या एककात, एकत्र मिळवा, १० सेकंदांनी पुन्हा मिळवा. आधी ४८,२१०, नंतर ५०,१९०; फरक १,९८० टिक. सेकंदाला १०० टिक धरले तर १९.८ सेकंद काम, १० सेकंदांत. म्हणजे १९८ टक्के, जवळजवळ दोन कोअर. फक्त मोजताना जपा: दुसऱ्या जागेवर कंसात नाव असतं आणि नावात स्पेस असली की पुढची सगळी मोजणी घसरते, म्हणून शेवटच्या बंद कंसानंतर मोजा.

आणि क्रॉनमध्ये काही टाकायचंच असेल, तर टॉप बॅच मोडमध्ये दोन फेऱ्यांसाठी लावून आउटपुट तारखेच्या फाइलीत घे. पहिल्या फेरीला तुलना करायला मागचं धड काही नसतं, म्हणून ती सोडून दुसरी वाच. किलची ओळ काढून टाक.