प्रतिक्रियेला उत्तर: स्टॉकवर फोटो टाकण्यात माझा आक्षेप नक्की कशाला आहे

नमस्कार,

एवढी मोठी प्रतिक्रिया लिहिलीत, तीही भडकून, त्याबद्दल खरंच आभार. "छान लेख" वाल्या वीस कमेंटींपेक्षा अशी एक जास्त कामाची असते. बाकीच्यांसाठी थोडक्यात, मागच्या लेखात मी म्हणाले होते की जो फोटो प्रिंट म्हणून, भिंतीवर लावायला विकायचाय तो स्टॉक एजन्सीवर, म्हणजे फोटो वापरायचं लायसन्स (परवानगी) मागेल त्याला विकणाऱ्या साइटवर, टाकू नका. तुमचं म्हणणं असं की हे सगळं कलेचं सोवळं आहे, पोट भरलेल्यांचे चोचले आहेत, अ‍ॅन्सल अ‍ॅडम्ससारख्या नावाजलेल्या अमेरिकन फोटोग्राफरनेसुद्धा कॉफीच्या डब्याला फोटो दिला होता, विंडोजचं हिरव्या टेकडीचं वॉलपेपर स्टॉकमधूनच आलं, आणि शेवटी विचारलंय की माझे साडेतीनशे फोटो हार्डडिस्कवर पडलेत त्यांचं काय लोणचं घालू का.

आधी माझी चूक. "बाजारू" हा शब्द मी वापरायला नको होता, मागे घेते. स्टॉकसाठी मन लावून काम करणाऱ्यांचं लायटिंग माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं असतं.

आता कॉफीचा डबा. खरंय, 1969 साली हिल्स ब्रदर्सच्या डब्यावर अ‍ॅडम्सचा योसेमिटीचा हिवाळ्यातला फोटो आला होता. पण कुठला फोटो, कुठल्या डब्यावर, कुणासाठी, हे सगळं त्याला माहीत होतं आणि त्याला विचारून झालं होतं. आणि मी काही "कमी प्रती म्हणजेच कला" असंही म्हणत नाहीये हो, त्याच्याच 1941 च्या 'मूनराइज' या फोटोच्या त्याने स्वतः डार्करूममध्ये तेराशेच्या आसपास प्रिंट काढल्या आणि तरी लोक त्यासाठी रांगेत उभे राहिले. माझा मुद्दा एवढाच की प्रत्येक वेळी हो किंवा नाही म्हणायची संधी त्याच्या हातात होती, आणि रॉयल्टी-फ्री स्टॉकमध्ये (एकदा पैसे भरले की घेणारा तो फोटो पुन्हा पुन्हा वापरू शकतो) नेमकी तीच तुम्ही अपलोडच्या बटणावर एकदाच, सगळ्यांसाठी, आगाऊ देऊन टाकता.

विंडोजवाल्या फोटोचं उदाहरण तर उलट माझ्याच बाजूचं आहे. चार्ल्स ओ'रिअरने तो 1996 मध्ये कॅलिफोर्नियात सोनोमाला काढला, मीडियम फॉरमॅट फिल्मवर, तो वेस्टलाइट नावाच्या एजन्सीकडे होता, ती एजन्सी पुढे 1998 मध्ये कॉर्बिस या दुसऱ्या एजन्सीने घेतली, आणि मग मायक्रोसॉफ्टने त्या एका फोटोचे पूर्ण हक्क वेगळा करार करून विकत घेतले. रक्कम करारामुळे त्याला सांगता येत नाही पण मोठी होती एवढं तो सांगतो. म्हणजे एक खरेदीदार, एक करार, एक सही. त्या काळी बराच स्टॉक राइट्स-मॅनेज्ड होता, कुठे छापणार, किती प्रती, किती महिने, तसा दर ठरायचा. गेटी या मोठ्या एजन्सीने क्रिएटिव्ह (बातम्यांचे सोडून बाकीच्या) फोटोंसाठी तो प्रकार 2020 मध्ये बंदच करून टाकला. आणि त्याच वर्षी जूनमध्ये शटरस्टॉक या एजन्सीने फोटोग्राफरचा वाटा वर्षातल्या डाऊनलोडप्रमाणे 15 ते 40 टक्के अशा पायऱ्यांवर नेला, दर 1 जानेवारीला सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर, आणि सबस्क्रिप्शनवाल्याने उचलला तर एका डाऊनलोडचे 10 सेंट्सही पडू शकतात. ओ'रिअरचं उदाहरण घेऊन आज अपलोड करणं म्हणजे लॉटरी लागलेल्या माणसाकडे बघून तिकिटं काढत बसणं झालं.

आता माझंच सांगते, कारण तुम्ही "स्वतः कधी करून बघितलंय का" असं विचारलंय. केलंय. धुक्यातल्या खिडकीपाशी एक रिकामी खुर्ची, बस्स एवढाच फोटो, चार पहाटा घालवून मिळालेला. अपलोड करताना कीवर्ड टाकायचे असतात, पन्नासपर्यंत. खुर्ची, खिडकी, धुकं, पहाट, लाकूड करत करत मी अकरावर अडकले. मग साइटने स्वतःच सुचवले : एकटेपणा, नैराश्य, म्हातारपण, निवृत्ती, विमा. मी सगळ्यांवर टिक केली. विम्यावर पण! तेव्हा हसले होते, कारण डाऊनलोड वाढवायचे होते ना.

तीन वर्षांत एकोणीस डाऊनलोड, सहा डॉलर आणि वर काही सेंट्स. त्यानंतर एका गॅलरीवाल्यांना तोच फोटो आवडला, दहा प्रिंटची एडिशन करू, म्हणजे दहाच काढायच्या, पुढे एकही नाही, असं म्हणाले, आणि आठवड्याभराने त्यांनी मला दोन स्क्रीनशॉट पाठवले, एकात झोपेच्या गोळ्यांची जाहिरात आणि दुसऱ्यात एका साइटवर तोच फोटो कॅनव्हासवर छापून विकायला, कुठल्याही साइझमध्ये. वर फक्त "हे काय?" चोरी नव्हती हो ती. कुणीतरी एक्स्टेंडेड लायसन्स घेतलं होतं, त्यात वस्तूवर छापून विकायची परवानगी असते, आणि ती मीच दिली होती. मी फोटो अकाउंटवरून काढून टाकला, पण आधी विकलेली लायसन्स त्याने रद्द होत नाहीत. एडिशन अर्थातच बारगळली, आणि गॅलरीवाल्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही, दहातलीच एक प्रिंट म्हणून पैसे मोजणाऱ्याला ते काय उत्तर देणार होते?

एआयचंही तेच. 2023 च्या मार्चमध्ये अडोबीने फायरफ्लाय हे चित्रं तयार करणारं एआय आणलं ते अडोबी स्टॉकवरच्या फोटोंवर शिकवून. नंतर फोटोग्राफर्सना बोनस दिला, नाही असं नाही, पण आधी कुणाला वेगळं विचारलं नव्हतं, अटींमध्ये ते बसतं असं त्यांचं म्हणणं.

म्हणून माझं भांडण एजन्सी या प्रकाराशी नाही. मॅग्नम ही फोटोग्राफर्सनीच काढलेली एजन्सी 1947 मध्ये निघाली ती मुळात फोटोचे हक्क फोटोग्राफरकडेच राहावेत म्हणून, आणि तीही एजन्सीच की!

तर तुमचं लोणचं. तुम्ही लिहिलंय की साडेतीनशेतले बरेचसे गंजलेले पत्रे, दगड, भिंतींचे पोपडे आहेत. ते बिनधास्त टाका, डिझायनर लोकांना असले टेक्श्चर लागतातच आणि उद्या कुणी त्यावर बँकेची जाहिरात लिहिली तरी तुमची झोप उडणार नाही. होड्यांची जी मालिका म्हणताय ती मात्र टाकू नका, त्यातला नको असलेला एखादा फ्रेमसुद्धा नको, कारण शेजारचा फ्रेम आणि प्रिंटवाला फ्रेम यातला फरक फक्त तुम्हालाच दिसतो. आणि त्यातले दोन आधीच टाकून बसलाय म्हणताय, तर आज अकाउंटमध्ये जाऊन कमाईचा रिपोर्ट उघडा, डाऊनलोड कुठल्या लायसन्सवर झालेत ते तिथे दिसतं. एक्स्टेंडेड एकही नसेल तर लगेच काढून टाका. असेल तर ते दोन एडिशनमधून वगळा, आणि गॅलरीवाल्यांना विचारायच्या आधी तुम्हीच सांगून टाका.