५०४ आला की टाइमआउट ३०० करायचा?

डेव्हऑप्सवाल्यांच्या ग्रुपवर एक रामबाण उपाय सारखा फिरत असतो. लोड बॅलन्सरमागची (रिक्वेस्ट मागच्या सर्व्हरांत वाटून देणाऱ्या प्रोग्रामामागची) साइट ५०४, म्हणजे ‘मागून वेळेत उत्तर आलं नाही’ ही एरर, देऊ लागली, तर एनजिनएक्समधले (हाच तो बॅलन्सर) सगळे टाइमआउट, म्हणजे वाट बघायच्या मुदती, ३०० सेकंद करा. भागलं नाही तर कीप-अलाइव्ह (एकच कनेक्शन पुन्हापुन्हा वापरणं) बंद करा, आणखी एक सर्व्हर जोडा आणि लिनक्सच्या कर्नलमध्ये ‘टीसीपी टीडब्ल्यू रीसायकल’ हा बंद झालेली कनेक्शनं लवकर मोकळी करणारा पर्याय चालू करा. वर ‘शंभर टक्के चालतं’ अशी हमी!

‘सगळे टाइमआउट वाढवा.’ सगळे म्हणजे कोणते? एरर लॉगमधली ‘अपस्ट्रीम टाइम्ड आउट (११०)’ ही ओळ पुढेही वाचा; अपस्ट्रीम म्हणजे मागचा सर्व्हर. त्यात ‘व्हाइल कनेक्टिंग टू अपस्ट्रीम’ असेल, तर मागच्या सर्व्हरशी जोडणीच झालेली नाही. एकतर फायरवॉल पॅकेट गुपचूप गिळतोय, सर्व्हर आडवा झालाय, नाहीतर ॲपसमोरची नव्या कनेक्शनची रांग भरलीय. इथे मुदत वाढवणं म्हणजे बंद दारासमोर जास्त वेळ ताटकळणं. शिवाय कनेक्ट टाइमआउट सहसा ७५ सेकंदांपलीकडे जात नाही, हे एनजिनएक्सच्या माहितीपत्रकातच लिहिलंय. रांग बघायची तर मागच्या सर्व्हरवर ‘एसएस -एलएनटी’ चालवा. ॲपच्या पोर्टच्या ओळीत रिसीव्ह-क्यूचा आकडा (रांगेत थांबलेली कनेक्शनं) सेंड-क्यूला (रांगेची मर्यादा) टेकला असेल, तर ॲप कनेक्शन उचलायला कमी पडतंय. लिनक्स ५.४ च्या आधी ‘सोमॅक्सकॉन’ ही रांगेची मर्यादा मुळात १२८ असायची, पुढे ती ४०९६ झाली. जुनं मशीन असेल तर आधी हेच तपासा.

त्याच ओळीत ‘व्हाइल रीडिंग रिस्पॉन्स हेडर’ असेल, तर जोडणी झालीय, उत्तर आलेलं नाही. ६० सेकंदांनी एनजिनएक्सने नाद सोडला तरी मागचा वर्कर (रिक्वेस्ट हाताळणारी प्रोसेस) बऱ्याचदा डेटाबेसची क्वेरी चालवतच बसतो. ग्राहक वैतागून रिफ्रेश दाबतो आणि दुसरा वर्कर अडकतो. ३०० केल्याने क्वेरी वेगवान होत नाही, बोंब फक्त उशिरा ऐकू येते. त्यातून पुढे एडब्ल्यूएसचा एएलबी (ॲमेझॉनच्या क्लाउडमधला लोड बॅलन्सर) असेल, तर त्याचा आयडल टाइमआउट (शांत पडलेल्या कनेक्शनची मुदत) मुळात ६० सेकंदांचाच. मग ५०४ तो देईल. खरोखर दोन मिनिटं लागणाऱ्या एखाद्या रिपोर्टपुरती मुदत वाढवायला माझी हरकत नाही, सरसकट नको.

‘कीप-अलाइव्ह बंद करा.’ मग प्रत्येक रिक्वेस्टला नवं कनेक्शन. बॅलन्सरने आधी बंद केलेलं कनेक्शन लिनक्सवर ६० सेकंद टाइम-वेटमध्ये (बंद झाल्यानंतरच्या थांब्यात) आपला पोर्ट अडवून पडून राहतं. ३२७६८ ते ६०९९९ हे बाहेर जाणाऱ्या कनेक्शनचे पोर्ट धरले, तर एका सर्व्हरच्या एका पोर्टकडे सेकंदाला साधारण ४७० नव्या जोडण्या झाल्या की पोर्ट संपले. कीप-अलाइव्हमध्ये घोळ असतो तो वेळा न जुळण्याचा: मागचा अपाची वेब सर्व्हर मुळात ५ सेकंदांत रिकामं कनेक्शन बंद करतो आणि एएलबी ते ६० सेकंद जिवंत समजतो. मागच्याची मुदत पुढच्यापेक्षा जास्त ठेवा. आणि हो, या घोळात सहसा ५०२ (मागून धड उत्तरच आलं नाही) येतो, ५०४ नव्हे.

‘सर्व्हर जोडा.’ पोस्टग्रेस या डेटाबेसची मूळ मर्यादा १०० कनेक्शनची. तीन सर्व्हर प्रत्येकी ३० वापरत असतील, तर चौथा आला की ‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’.

राहिला टीडब्ल्यू रीसायकल. एकाच नॅटमागून (अनेकांना एकच बाहेरचा पत्ता देणाऱ्या यंत्रणेमागून) येणाऱ्या मोबाइल ग्राहकांची कनेक्शनं तो अधूनमधून टाकून द्यायचा, म्हणजे टाइमआउट तोच तयार करायचा. २०१७ साली लिनक्स ४.१२ मधून तो काढूनच टाकला. आजच्या मशीनवर ती ओळ टाकून बघा, अशी फाइलच नाही म्हणून सांगेल.