थ्रीडी प्रिंटरची घाई कशाला?

रोबोटिक्स टीमच्या वर्कशॉपसाठी पहिली खरेदी थ्रीडी प्रिंटरची करा, असं एका लेखात वाचलं. ते काही पटलं नाही. नाशिकमध्ये तर नाहीच. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत लेझर कटिंग, बेंडिंग, लेथ सगळं जॉबवर्कने, म्हणजे पैसे देऊन बाहेरून करून मिळतं. डीएक्सएफ फाइल (कापायच्या आकाराचं कंप्युटरवरचं ड्रॉइंग) नीट करून न्या, उरलेल्या पत्र्यातून कापून द्याल का विचारा. विद्यार्थी म्हटल्यावर माणसं मदत करतात. आपल्याकडे हवं ते बेंच व्हाइस (टेबलावर बसवायचा, वस्तू घट्ट धरणारा शिकंजा), हँड ड्रिल, बारीक मापं घ्यायला व्हर्निअर, मल्टिमीटर आणि तापमान बदलता येणारी सोल्डरिंग आयर्न. व्हाइस भंगारातला जुना, ओतीव मिळाला तर उत्तमच, फक्त जबडे समांतर मिटतात का ते बघून घ्या. स्क्रू शक्यतो एम३ आणि एम४ (३ आणि ४ मिमी व्यासाचे) एवढेच ठेवा, नाहीतर ऐन स्पर्धेत स्क्रू फिरवायची ॲलन की शोधत बसाल (ती हमखास कुणाच्या तरी खिशात असते!).

लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीच्या चार्जरवर मात्र काटकसर नको. बॅलन्स चार्जरच घ्या, म्हणजे बॅटरीतले सगळे सेल सारखे चार्ज करणारा. साध्या लिपोचा सेल ४.२ व्होल्टच्या वर जाऊ देऊ नका. ठेवून द्यायची असेल तर सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास. फुगलेली बॅटरी ‘चालतेय ना अजून’ म्हणत वापरणारे महाभाग प्रत्येक टीममध्ये असतात. आग लागलीच तर म्हणून चार्जिंगच्या टेबलाजवळ वाळूची बादली ठेवा, तिला फारसे पैसे पडत नाहीत.