‘अनलॉक आहे ना? मग कुठलंही सिम चालेल’ : त्या फॉरवर्डला उत्तर

अमेरिकेतल्या भावंडांची भारतात यायची तिकिटं निघाली की घरच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. शब्द दरवेळी थोडे वेगळे, मतलब एकच: ‘फोन फक्त अनलॉक असला पाहिजे. मग जगातल्या कुठल्याही कंपनीचं सिम घाला. कॉल, नेट, ५जी सगळं आपोआप चालतं. भारतातले फोन अनलॉकच असतात, शिकायला जाणाऱ्या मुलांनी तेच बिनधास्त न्यावेत. लॉक असेल तर मार्केटमध्ये थोड्या पैशांत चिप लावून मिळते. दुकानदार बाकी जे सांगतो ते नवा फोन गळ्यात मारायला.’

पहिलं वाक्य बरोबर आहे. गोची ‘मग’पासून पुढे सुरू होते.

आपल्याकडे हा मेसेज पटकन पटतो, त्यालाही कारण आहे. कंपनीने लॉक केलेला, म्हणजे फक्त तिचंच सिम घेणारा फोन बहुतेकांनी पाहिलेलाच नाही. २००३ साली ‘मान्सून हंगामा’त ५०१ रुपये भरून मिळालेले रिलायन्सचे सीडीएमए (जुन्या प्रकारचं एक मोबाइल तंत्रज्ञान) हँडसेट, २००८ मध्ये एअरटेल आणि व्होडाफोनने विकलेला आयफोन ३जी, २०१७ चा जिओफोन अशी मोजकी उदाहरणं सोडली तर भारतात फोन एका दुकानातून आणि सिम दुसऱ्या दुकानातून हीच रीत. त्यामुळे लॉक हीच काय ती अडचण, ती गेली की रान मोकळं, असा समज होतो. प्रत्यक्षात लॉकचं काम अगदी मर्यादित असतं. सिमवर देशाचा आणि कंपनीचा क्रमांक असतो, तो लॉक लावणाऱ्या कंपनीचाच आहे का एवढं फोन तपासतो. नसेल तर सिम नाकारतो. अनलॉक केल्यावर ही तपासणी बंद होते, बस. नळाची चावी सोडली म्हणून टाकीत पाणी असेलच असं नाही.

आता एकेक दावा घेऊ.

‘कुठल्याही कंपनीचं सिम चालतं.’

प्रत्येक कंपनी ठरावीक फ्रिक्वेन्सीवर चालते, आणि फोनच्या आत त्याच फ्रिक्वेन्सीचं हार्डवेअर असावं लागतं. त्यांना क्रमांक आहेत, बँड म्हणतात. जिओचं ४जी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर आहे, म्हणजे बँड ५, ३ आणि ४०. एअरटेल आणि व्हीआयची घराच्या आत पोचणारी रेंज बऱ्याच ठिकाणी ९०० वर, म्हणजे बँड ८ वर अवलंबून असते. अमेरिकेत मात्र ६००, ७०० आणि १९०० या फ्रिक्वेन्सींचं राज्य आहे. महागडे फोन जगभरचे बँड घेऊन येतात, म्हणून आयफोनवाल्याला हा प्रश्न सहसा जाणवत नाही. पण तिथल्या एखाद्या कंपनीने प्रीपेड ग्राहकांसाठी स्वस्तात बनवून घेतलेला फोन असेल तर त्यात ८ आणि ४० बऱ्याचदा नसतात.

याची गंमत अशी की फोन बंद पडत नाही. तो अर्धवट चालतो, आणि दोष कुठे आहे ते समजायला महिने जातात. ८५० अमेरिकेतही वापरात असल्यामुळे तो बँड फोनमध्ये असतो, तेव्हा जिओच्या सिमवर गावाकडे फोन ठीकठाक वाटू शकतो. तोच फोन संध्याकाळी दादर स्टेशनवर नेला की रेंज फुल आणि नेट रखडलेलं, कारण गर्दीचा भार उचलणारा २३०० चा बँड त्याला दिसतच नाही. एअरटेल घातलं तर उलट होऊ शकतं: रस्त्यावर छान, स्वयंपाकघरात शिरलं की गुल. मग लोक कंपनीला शिव्या घालतात, सिम बदलून आणतात, फोन रीसेट करतात. बँडकडे कोणाचं लक्ष जात नाही.

एकाच नावाच्या फोनची वेगवेगळी मॉडेलं असतात, हेही मेसेज सांगत नाही. सॅमसंगचा गॅलेक्सी एस२४ घ्या. अमेरिकन कंपन्यांसाठीचं मॉडेल एस९२१यू, अमेरिकेत खुलं विकलं जाणारं एस९२१यू१, आणि आपल्याकडचं एस९२१बी. खोकं, रंग, नाव सारखं; आतला प्रोसेसरसुद्धा वेगळा.

‘कॉल, नेट सगळं आपोआप चालतं.’

सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात.

तुमच्या ४जी फोनवरून कॉल लावताना स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्याकडे बघा. दोनपैकी एक गोष्ट होईल. ४जीचं चिन्ह तसंच राहिलं तर तुमचा आवाज ४जीवरूनच चाललाय, त्याला व्होल्टे म्हणतात. चिन्ह जाऊन तिथे ‘ई’ किंवा ‘एच’ आलं तर फोन बोलण्यापुरता जुन्या २जी किंवा ३जी नेटवर्कवर उतरलाय. बोलणं संपलं की परत वर चढतो. फोनला व्होल्टे येत नसेल तर हा उतरायचा जिना तरी असतो.

जिओकडे तो जिना नाही. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं तेच निव्वळ ४जीवर. २जी, ३जी त्यांच्याकडे कधी नव्हतंच. म्हणून जिओवर व्होल्टेशिवाय साधा कॉल नाही. सुरुवातीला ज्यांच्या फोनला व्होल्टे नव्हतं त्यांच्यासाठी जिओला वेगळं कॉलिंगचं ॲप काढावं लागलं, ते अनेकांना आठवत असेल.

मग पुढचा प्रश्न: ‘माझ्या फोनमध्ये व्होल्टे आहे, तिकडे चालत होतं.’ चालत असेल, तिकडच्या कंपनीवर. व्होल्टे हे ब्लूटूथसारखं एकदा आहे म्हटलं की सगळीकडे चालणारं प्रकरण नाही. प्रत्येक कंपनीसाठी फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळी सेटिंग्जची फाइल असावी लागते, आणि ती फोन बनवणारा टाकतो. ज्या देशात ते मॉडेल विकायचंच नाही तिथल्या कंपन्यांसाठी ती मेहनत तो बऱ्याचदा घेत नाही. परिणाम असा की अनलॉक फोनमध्ये जिओचं सिम घातल्यावर व्हॉट्सॲप चालतं, यूट्यूब चालतं, आणि आईला साधा कॉल लावला की नेटवर्क उपलब्ध नाही असं येतं. नेट चालू आहे म्हणजे फोन ठीक आहे, असं समजून माणूस हिरव्या बटणावर पुन्हा पुन्हा बोट दाबत बसतो.

‘भारतातले फोन अनलॉकच असतात, बिनधास्त न्या.’

या एका ओळीसाठी तरी तो मेसेज पुढे पाठवणं थांबवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण फटका बसतो तो परक्या देशात पहिल्या आठवड्यात, खिशात मोजके डॉलर असलेल्या पोराला.

अमेरिकेत एटीअँडटी या मोबाइल कंपनीने २२ फेब्रुवारी २०२२ ला ३जी बंद केलं. त्यानंतर त्यांच्या नेटवर्कवर कोणते फोन चालतील याची मंजूर मॉडेलांची यादी आहे. तुमचा फोन अनलॉक आहे, बँड जुळतात, व्होल्टेही आहे, पण मॉडेल यादीत नाही? मग नकार. व्हेरायझननेही २०२२ च्या अखेरीस जुनं सीडीएमए गुंडाळलं, आणि तेसुद्धा आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकून फोन आपल्याला चालतो का ते आधी बघतात. भारतात धडाधड विकले जाणारे कित्येक चिनी ब्रँड अमेरिकेत अधिकृतपणे विकलेच जात नाहीत, त्यामुळे ते या याद्यांमध्ये सापडणं कठीण. त्या मानाने टी-मोबाइल बाहेरच्या फोनला जास्त उदार आहे. तिथे जाणारे बरेच भारतीय विद्यार्थी आधी त्यांचं किंवा त्यांच्या नेटवर्कवर चालणाऱ्या एखाद्या स्वस्त कंपनीचं सिम घेतात, ते उगीच नाही.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण याहून बोलकं आहे. तिथे टेल्स्ट्रा आणि ऑप्टस या कंपन्यांनी २८ ऑक्टोबर २०२४ पासून ३जी बंद केलं. त्याआधी लक्षात आलं की काही फोन रोजचे कॉल ४जीवरून करतात, पण तातडीचा ०००, म्हणजे आपल्या ११२ सारखा क्रमांक फिरवला की गुपचूप ३जीवर उतरतात. ३जीच नसेल तर तो कॉल लागणार कुठून? म्हणून सरकारने कंपन्यांना बजावलं की ज्या फोनवरून ००० लागू शकत नाही त्याला सेवाच द्यायची नाही. यात परदेशातून आणलेले अनेक फोन बाद झाले. ते अनलॉक होते, आदल्या दिवशीपर्यंत व्यवस्थित चालत होते. मेलबर्न-सिडनीला निघालेल्याने म्हणूनच विमानात बसण्यापूर्वी तिथल्या कंपनीच्या साइटवर आपला आयएमईआय तपासावा. फोनवर *#०६# दाबलं की पंधरा आकडी क्रमांक समोर येतो.

युरोपात परिस्थिती सौम्य आहे, कारण ९००, १८०० आणि २१०० हे तिकडचे आणि आपले समान. ८०० चा बँड २० मात्र भारतासाठी बनलेल्या काही फोनमध्ये नसतो. मग शहरात कळत नाही, गावाकडे कळतं.

‘५जी फोन आहे, ५जी मिळणारच.’

याचं उत्तर आपण सगळ्यांनी भारतातच बघितलंय. १ ऑक्टोबर २०२२ ला देशात ५जीचं उद्घाटन झालं. लाखभर रुपयांचे आयफोन लोकांच्या हातात होते, इथेच घेतलेले, अनलॉक, योग्य बँड असलेले. तरी ५जी दिसेना. ॲपलने १३ डिसेंबर २०२२ ला १६.२ हे अपडेट दिलं तेव्हा कुठे एअरटेल आणि जिओवर ते उघडलं. फोन तोच, सिम तेच, बदललं फक्त सॉफ्टवेअर.

‘लॉक असेल तर चिप लावून मिळते.’

ही चिप म्हणजे सिमच्या खाली चिकटवायचा कागदाएवढा पातळ तुकडा. सिम आणि फोन यांच्या मध्ये बसून ती फोनला खोटा क्रमांक दाखवते. फोन लॉकच राहतो, फक्त फसतो. पुढचं अपडेट आलं की फसायचं थांबतो, आणि तुम्ही पुन्हा त्याच दुकानासमोर उभे. अशा फोनवर ‘अनलॉक्ड’ म्हणून किंमत लावलेली असते, हा खरा राग आणणारा भाग. आयफोन घेताना सेटिंग्ज, जनरल, अबाउटमध्ये खाली जाऊन ‘कॅरिअर लॉक’ ही ओळ वाचा. तिथे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ लिहिलेलं असेल तरच फोन खरा मोकळा. विकणारा ते पान दाखवायला कुरकुर करत असेल तर समजून जा.

मुळात याची गरजही नसते. अमेरिकेत २०१४ च्या कायद्याने ग्राहकाला अनलॉकचा हक्क दिला. हप्ते फिटले आणि कंपनीच्या अटी पूर्ण झाल्या की कंपनी स्वतः फोन उघडून देते. कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून अनलॉकचे पैसे घ्यायला बंदी आहे आणि नवे फोन लॉक करून विकताही येत नाहीत. ब्रिटननेही डिसेंबर २०२१ पासून लॉक फोनची विक्री थांबवली. फक्त हे काम भाऊ तिकडे असतानाच त्याच्याकडून उरकून घ्यायचं. इथे आल्यावर त्या कंपनीच्या कस्टमर केअरला रात्री दोन वाजता फोन करत बसण्याची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

आणि अनलॉक म्हणजे फोन चोरीचा नाही, याचीही हमी नाही. भारतात वापरलेला फोन घेत असाल तर केवायएम लिहून, जागा सोडून आयएमईआय टाकून १४४२२ ला एसएमएस करा. फोन काळ्या यादीत आहे का ते कळतं.

‘सिम घातलं की झालं.’

कुठे घालणार? अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला २०२२ च्या आयफोन १४ पासून सिमचा खाचाच नाही. सगळा कारभार ई-सिमचा, म्हणजे कार्ड नसलेल्या, फोनमध्येच असलेल्या सिमचा. जिओ, एअरटेल, व्हीआय तिघंही ई-सिम देतात, त्यामुळे फोन वाया जात नाही. पण आजोबांना ‘जुन्या फोनमधलं कार्ड काढून यात टाका’ असं सांगून मोकळं होता येत नाही. सिम बदललं की सुरुवातीचे २४ तास एसएमएस बंद असतात, म्हणजे बँकेचे ओटीपीही येत नाहीत. गॅस बुकिंगपासून पेन्शनपर्यंत सगळं त्याच नंबरावर असलेल्या माणसासाठी हा दिवस नीट निवडावा लागतो. नेट गेलं तर शेजाऱ्याचा फोन घेऊन त्यात कार्ड टाकून बघण्याची सोयही संपली, हे वेगळंच.

तर, भाऊ ‘काय आणू?’ विचारतो तेव्हा त्याला फोनचं नाव नको, मॉडेल क्रमांक विचारा, आणि कंपनीच्या साइटवर त्याचे बँड बघा: ४जीचे ३, ५, ८, ४०, शक्य तर ४१, ५जीसाठी एन२८ आणि एन७८. व्होल्टे जिओवर चालतं का, ते त्याच मॉडेलच्या भारतातल्या वापरणाऱ्यांकडून विचारून घ्या. फोन आधीच येऊन पडला असेल आणि जिओवर कॉल लागत नसतील तर नंबर पोर्ट करा: पोर्ट लिहून, जागा सोडून दहा आकडी नंबर टाकून १९०० ला एसएमएस, मुख्य अट ही की सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत. एअरटेल आणि व्हीआयने २जी अजून चालू ठेवलंय, फोन बोलण्यापुरता तिथे उतरेल.