ऑफिस प्रॉडक्टिव्ह करायचंय? आधी भिंती पाडा

भिंतीआड माणूस मान खाली घालून काम करत बसतो आणि साहेबांना ते दिसत नाही, म्हणजे ते झालंच नाही, म्हणून सगळ्यात आधी भिंती पाडा. २०१८ साली हार्वर्डच्या संशोधकांनी दोन मोठ्या कंपन्यांत मोजलं होतं म्हणे, की ओपन ऑफिस केल्यावर लोकांचं समोरासमोर बोलणं जवळपास ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले. घटलं असेल तिकडं. त्यांनी आमच्या सोलापुरात होटगी रोडला ऑफिस टाकून बघायला पाहिजे होतं. इथं अकाउंट्सवाल्याचं विमा एजंटशी भांडण आणि रिसेप्शनच्या मॅडमच्या सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं सगळ्यांना लाइव्ह ऐकू येतं, आणि बिचारा टॅलीवाला एकच आकडा चार वेळा टाकतो. यालाच कोलॅबरेशन म्हणतात.

मग एसी. २०२० पासून नवीन रूम एसी चालू केला की २४ वर लागला पाहिजे असा सरकारी नियम आहे, म्हणून रिमोट साहेबांच्या ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवा आणि १८ वर लावा. बाहेर मे महिन्याचं ४३, आत एसीच्या थेट खाली बसलेला माणूस चादर पांघरून टायपिंग करतोय (आपल्याच गावची, जीआय टॅगवाली, तेवढाच लोकल उद्योगाला हातभार), आणि प्रिंटरपाशी बसलेला फाईलनं वारा घेतोय. दोघांच्या जागा बदलू का असं कुणी विचारलं तर नाही म्हणा, सीसीटीव्हीचा अँगल बिघडतो.

आता पोमोडोरो. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं ब्रेक, एका इटालियन माणसानं टोमॅटोच्या आकाराच्या टायमरवर काढलेली आयडिया, एकट्यानं अभ्यास करताना चांगलीच आहे. तुम्ही मात्र पूर्ण ऑफिसला एकच घंटा लावा. घंटा झाली की काउंटरला कस्टमर बिल धरून उभा असला तरी उठायचं, आणि सगळ्यांनी एकदम त्या एकुलत्या एक बाथरूमसमोर लाईन लावायची. नळाला तीन-चार दिवसांआड पाणी, त्यात टाकीची मोटर जळालेली. मोटरला बजेट नाही, ते भिंतीवरच्या इंग्लिश सुविचारांत गेलं.

खुर्च्यांवर मात्र खर्च करू नका, साहेबांची सोडून. तिच्या पाठीवर पांढराशुभ्र सोलापुरी टॉवेल टाकायचा, हे मॅनेजमेंटमधलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भरवशाचं साधन आहे असं माझं प्रामाणिक मत. टॉवेल आहे म्हणजे साहेब आहेत. चष्मा आणि अर्धा कप चहा टेबलावर ठेवला तर दुपारी घरी जाऊन झोप काढून आलं तरी चालतं. कुणी विचारलंच तर शिपाई सांगतोच, "हायत की ओ साहेब, आत्ताच हिकडं होते, बसा की."

एवढं सगळं करूनही एखादा कोपऱ्यातला माणूस निघतोच, जो कानात बोळे घालून गप बसतो, मीटिंगला बोलत नाही, दिलेलं काम चारला संपवतो आणि बरोबर सहाला गाडीला किक मारतो. त्याला मेमो द्या. टीम स्पिरिट नाही म्हणून. आणि मेमो टाईप करायला त्यालाच सांगा, बाकी कुणाला वेळ नसतो.